परदेशप्रवासांत छायाचित्रांची व चीजवस्तूंची जपणूक

देशाटनानें मनुष्याची दृष्टि विशाल होते, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही सांगितली जाते; परंतु देशाटनास निघणाऱ्यानें बरोबरच्या वस्तु कशा सांभाळाव्या, हें मात्र क्वचितच कोणी शिकवितें. एके काळीं परदेशगमन थोड्यांच्याच नशिबीं असे. आज सामान्य कुटुंबांतील आजीआजोबाही नातवंडांच्या भेटीसाठीं सातासमुद्रांपलीकडे जातात व विद्यार्थी शिक्षणासाठीं जातात. तेव्हां हा विषय विद्यार्थी व पालक ह्या दोघांच्याही उपयोगाचा आहे.

प्रवाशाजवळील मौल्यवान वस्तूंचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत दागिने, रोकड, घड्याळ, कॅमेरा, मोबाइल फोन ह्या वस्तु येतात. ह्यांच्या नकला करून ठेवतां येत नाहींत. परंतु हरपल्यास त्या बहुधा पैसा खर्चून पुनः घेतां येतात. दुसऱ्या वर्गांत छायाचित्रें येतात. त्यांना बाजारांत कवडीचीही किंमत नसते, पण एकदां गेलीं कीं कुबेराच्या भांडारानेंही तीं परत येत नाहींत. मात्र जाण्यापूर्वीं त्यांच्या हव्या तितक्या प्रती काढतां येतात. ह्या भेदावरून सर्व प्रवाशांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा नियम निघतो तो असा: चीजवस्तु कमी करून राखाव्या, छायाचित्रें वाढवून राखावीं.

ह्या नियमाच्या दोन्ही अंगांचें उत्तम उदाहरण एका ध्रुवप्रदेशीय मोहिमेंत सांपडतें. १९१४ सालीं सर अर्नेस्ट शॅकल्टन ह्यांच्या नेतृत्वाखालीं 'एन्ड्युरन्स' नांवाचें जहाज दक्षिण ध्रुवाकडे निघालें. जानेवारी १९१५ मध्यें तें वेडेल समुद्रांतील बर्फांत अडकलें, आणि ऑक्टोबरमध्यें बर्फाच्या दाबानें इतकें चिरडलें कीं, मंडळींना तें सोडून बर्फावर तंबू ठोकावे लागले. मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ले ह्यांच्या काचेच्या निगेटिव्ह त्या भग्न जहाजांतच राहिल्या होत्या. हर्ले ह्यांनीं अंगावरील कपडे उतरवून बर्फाळ पाण्यांत बुडी मारली व निगेटिव्हचे डबे वर काढले. हे पत्र्याचे डबे डाख देऊन पक्के बंद केलेले असल्यामुळें आंतील ठेवा सुरक्षित राहिला होता.

पण पुढचा प्रवास होड्यांतून करावयाचा होता व भार मोजकाच नेतां येणार होता. शॅकल्टन व हर्ले बर्फावर बसले आणि पांचशेंहून अधिक काचांतून त्यांनीं सुमारें १२० निवडल्या. उरलेल्या सुमारें ४०० काचा त्यांनीं तेथेंच फोडून टाकल्या. हेतु हा कीं, मागाहून मोह पडून त्या पुनः उचलल्या जाऊं नयेत. मोठे कॅमेरेही मागें राहिले. एक लहानसा खिशांतला कॅमेरा व फिल्मचीं तीन रिळें एवढींच बरोबर आलीं. २१ नोव्हेंबर १९१५ रोजीं जहाज तळाशीं गेलें. त्याचा सांगाडा मार्च २०२२ मध्यें सुमारें ३,००८ मीटर खोलीवर सांपडला. मोहिमेंतील २८ माणसें मात्र वांचलीं, आणि त्यांच्याबरोबर त्या १२० काचाही वांचल्या. हर्ले ह्यांना काचेची दुसरी प्रत बर्फावर काढतां येणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांना प्राण पणाला लावावे लागले. आज तें काम एका सायंकाळच्या दहा मिनिटांत होतें.

मूळ प्रत एकच असली म्हणजे काय होतें, ह्याचें दुसरें उदाहरण स्पेनच्या यादवी युद्धांतलें आहे. १९३६ ते १९३९ च्या त्या युद्धांत रॉबर्ट कापा, गेर्डा टारो व डेव्हिड सेमूर ह्या तिघांनीं घेतलेल्या सुमारें ४,५०० छायाचित्रांच्या निगेटिव्ह पॅरिसमध्यें होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत त्या शहराबाहेर नेल्या गेल्या व नाहींशा झाल्या. २००७ सालीं त्या मेक्सिकोहून न्यूयॉर्कच्या 'इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी' ह्या संस्थेकडे पोंचल्या. तोंपर्यंत टारो १९३७ सालीं, कापा १९५४ सालीं व सेमूर १९५६ सालीं, असे तिघेही मरण पावले होते. आपला ठेवा सांपडल्याचा आनंद त्यांपैकीं एकाच्याही वांट्यास आला नाहीं. अशा दैवयोगावर कोणीं विसंबून राहूं नये.

आतां आपल्या प्रवासाकडे वळूं. छायाचित्रकारांत ३-२-१ नांवाचा एक सोपा नियम रूढ आहे: प्रत्येक छायाचित्राच्या ३ प्रती असाव्या, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं १ प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. प्रवासांत ह्याचा अर्थ असा: एक प्रत फोनमध्यें किंवा कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर, दुसरी लहान हार्ड डिस्कवर, व तिसरी इंटरनेटवरील 'क्लाउड' नामक साठ्यांत. कॅमेरा व हार्ड डिस्क एकाच पिशवींत ठेवूं नयेत, कारण चोर पिशवी उचलतो तेव्हां प्रती मोजत बसत नाहीं. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं प्रती काढण्याचा नेम ठेवावा. मग कितीही मोठी आपत्ति आली तरी एका दिवसाचींच छायाचित्रें जातील.

क्लाउडविषयीं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पुष्कळ सेवांमध्यें फोन व क्लाउड हे एकमेकांचे आरसे असतात. फोनमधून चित्र पुसलें कीं क्लाउडमधूनही तें पुसलें जातें. म्हणून ह्या साठ्याला एकमेव आधार मानूं नये. दुसरी अडचण अशी कीं, फोन चोरीस गेल्यावर दुसऱ्या यंत्रावरून आपलें खातें उघडूं गेल्यास संकेतांक त्याच हरवलेल्या फोनवर येतो, आणि घरधनीच दाराबाहेर राहतो. ह्यावर उपाय म्हणून खातें पुनः उघडण्यासाठीं मिळणारे राखीव संकेतांक निघण्यापूर्वींच कागदावर लिहून घ्यावे, व तो कागद फोनपासून वेगळा ठेवावा.

कार्डावरील चित्र चुकून पुसलें गेलें तर घाबरूं नये. अशा वेळीं पुष्कळदां केवळ अनुक्रमणिकेंतील नोंद जाते. मूळ मजकूर त्यावर नवीन कांहीं लिहिलें जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून तें कार्ड तत्काळ काढून बाजूस ठेवावें व त्यावर एकही नवें चित्र घेऊं नये. जाणकार मनुष्य जुनीं चित्रें बहुधा परत मिळवूं शकतो. जे हौशी लोक अजून फिल्म वापरतात त्यांनीं ती विमानांत सोंपविण्याच्या सामानांत कधींही ठेवूं नये, कारण तेथील प्रखर क्ष-किरणांनीं ती काळवंडते. हातांतील सामान तपासणारीं नवीं सी.टी. यंत्रेंही फिल्मला घातक आहेत. तेव्हां ती हातानें तपासण्याची नम्रपणें विनंति करावी. मेमरी कार्डास ह्या किरणांपासून भय नाहीं.

आतां चीजवस्तूंचा विचार करूं. येथें पहिला व श्रेष्ठ उपाय म्हणजे वस्तु घरीं ठेवणें. लग्नकार्यासाठीं दागिने नेणें अवश्यच असेल, तर निघतांना विमानतळावरील कस्टम्सच्या अधिकाऱ्यांकडून त्यांचा दाखला घ्यावा, म्हणजे परत येतांना ते परदेशीं विकत घेतले अशी शंका उद्भवत नाहीं. असे दागिने विमान कंपनीकडे सोंपविण्याच्या पेटींत घालूं नयेत. १९९९ च्या माँट्रियल करारान्वयें, ज्यांत भारत २००९ पासून सामील आहे, सामान हरवल्यास मिळणाऱ्या भरपाईला मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशामागें १,५१९ एस्.डी.आर्., म्हणजे सुमारें दोन हजार अमेरिकन डॉलर, इतकी आहे. पेटीची मोडतोड झाल्यास ती हातीं आल्यापासून ७ दिवसांच्या आंत लेखी तक्रार करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वींच ती करणें शहाणपणाचें.

पॅरिसच्या मेट्रोसारख्या गर्दीच्या ठिकाणीं खिसेकापूंपासून सावध राहण्याच्या सूचना ऐकूं येतात. ह्या लोकांची मुख्य कला लक्ष विचलित करण्यांत असते. कोणी कपड्यावर कांहीं सांडवून पुसण्याचें निमित्त करतो, कोणी सहीसाठीं कागद पुढें करतो, आणि त्याचा सोबती आपलें काम उरकतो. म्हणून रोकड व कार्डें दोन ठिकाणीं विभागून ठेवावीं. फोन भोजनाच्या मेजावर ठेवूं नये. त्याचा १५ आंकडी आय.एम.ई.आय. क्रमांक वहींत लिहून ठेवावा. आणि कोणी शस्त्र दाखवून वस्तु मागितली, तर ती मुकाट्यानें द्यावी. प्राणांपुढें वस्तूची पर्वा करूं नये.

पासपोर्ट ही वस्तु दोन्ही वर्गांहून निराळी आहे. ती भारत सरकारची मालमत्ता असून आपण केवळ तिचे राखणदार आहोंत. तिच्या छायाप्रती व स्वतःचीं दोन छायाचित्रें वेगळ्या पिशवींत असावीं. पासपोर्ट हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांत वर्दी द्यावी, व तो कागद घेऊन जवळच्या भारतीय वकिलातींत जावें. तेथें नवा पासपोर्ट, किंवा मायदेशीं परतण्यापुरतें इमर्जन्सी सर्टिफिकेट, मिळण्याची व्यवस्था असते. छायाप्रत जवळ असल्यास हें काम पुष्कळ सुलभ होतें.

शेवटीं एक विनंति. परदेशस्थ मुलांकडे जातांना कित्येक आया प्रेमानें घरांतील जुना आल्बम बरोबर नेतात. त्यांत पणजोबांचें एकुलतें एक छायाचित्र किंवा आजीच्या विवाहाचा एकमेव फोटो असतो. असा मूळ फोटो पेटींत घालणें म्हणजे घराण्याची आठवण वाटेवर मांडून ठेवण्यासारखें आहे. न्यावयाची ती प्रत न्यावी, मूळ घरींच ठेवावें. विद्यार्थिमित्रांनो, ह्या सुट्टींत घरांतील जुन्या फोटोंच्या प्रती काढण्याचें काम तुम्हींच अंगावर घ्या. वडील माणसांना विचारून प्रत्येकावर नांव, गांव व साल लिहा, आणि एक संच दुसऱ्या गांवीं असलेल्या काका-मावशींकडे ठेवावयास द्या. एखादे वर्षीं घरांत पुराचें पाणी शिरलें किंवा कोणाची पेटी परमुलखांत हरवली, तरी पणजोबांचा चेहरा तुमच्या पुढल्या पिढीस पाहावयास मिळेल.