शून्य म्हणजे ‘नाही’, की ‘कळलं नाही’?

संगणकाच्या गप्पांमध्ये आजचा विषय नेहमीपेक्षा थोडा खोलातला आहे: सी भाषेतल्या प्रोग्राममधून डेस्कटॉपवर उघड्या असलेल्या विंडोंची यादी काढायची, आणि ती काढताना काही बिघडलं तर काय करायचं. घरात कॉलेजात सी शिकणारं कोणी असेल तर त्याला किंवा तिला हाक मारा. बाकीच्यांनीही उठू नका, कारण यात एक आजी आहेत. आणि हो, फंक्शनची नावं मी उच्चारतो तशीच लिहून ठेवली आहेत.

आपल्या एका श्रोत्यांच्या घरातली ही गोष्ट. आजींना काचबिंदू आहे, स्क्रीनवरचं फारसं दिसत नाही. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर त्या घरात एकट्याच. इंजिनियरिंगला असलेल्या नातीने त्यांच्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला. कीबोर्डच्या एका बटणावर टिकली चिकटवलेली. ते दाबलं की संगणक उघड्या विंडोंची नावं मराठीत बोलून दाखवतो. महिनाभर छान चाललं. मग एका सकाळी मिरजेच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू असताना आवाज येईना. आजींनी बटण दाबलं, संगणक म्हणाला, ‘एकही विंडो उघडी नाही.’ कॉल तुटला असं समजून त्या उठल्या, आणि शेजारच्या काकूंशी घरातलं बरंच काही बोलल्या. कॅमेरा आणि माइक चालूच होते. मिरजेला सगळं पोचलं. नंतर हसण्यावारी गेलं, पण जिला दिसत नाही तिला संगणकाने ठामपणे चुकीचं सांगावं, ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

झालं काय होतं? विंडोजमध्ये यादी काढायला एनम-विंडोज नावाचं फंक्शन आहे. गणपतीच्या वर्गणीला निघालेल्या मुलासारखं ते दारोदार जातं आणि प्रत्येक दारापाशी तुम्ही दिलेलं कॉलबॅक फंक्शन बोलावतं. तुम्ही ‘ट्रू’ परत केलंत की ते पुढच्या दाराकडे जातं, ‘फॉल्स’ म्हणालात की तिथेच थांबतं. प्रत्येक दारात नातीचा कॉलबॅक गेट-विंडो-टेक्स्ट-लेंग्थ वापरून विंडोच्या नावाची लांबी विचारत होता. इथे खरी गोम आहे. हे फंक्शन शून्य परत करतं तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात: विंडोला नावच नाही, किंवा विचारण्यात काहीतरी चुकलं. बिननावाच्या विंडो अगदी नेहमीच्या असतात. खालचा टास्कबार हीसुद्धा एक बिननावाची विंडोच.

हे नातीला माहीत होतं. म्हणून शून्य आलं की ती गेट-लास्ट-एररला विचारायची: चूक आहे का? चूक नसेल तर पुढची विंडो, असेल तर फॉल्स. वाचताना बरोबर वाटतं. पण नावाची लांबी सांगणारं हे फंक्शन काम नीट झालं तरी आधीची चूक पुसत नाही, आणि हे मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या सकाळी प्रोग्रामला टोपणनावांची फाइल सापडली नव्हती. त्या चुकीचा क्रमांक, २, तसाच पडून होता. टास्कबारची पाळी आली, लांबी शून्य आली, गेट-लास्ट-एररने शिळा २ काढून दिला, आणि कॉलबॅकने यादी पहिल्याच दारात बंद केली. वर्गणीची पावती कोरी, म्हणून ‘कोणी काही दिलं नाही’ असा निष्कर्ष. वास्तविक पुढे कोणी गेलंच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची आहे: लांबी विचारण्याच्या आधी सेट-लास्ट-एररला शून्य द्यायचं, म्हणजे पाटी कोरी होते. मग विचारायचं. शून्य आलं तर लगेच, अगदी पुढच्याच ओळीत, गेट-लास्ट-एररचं उत्तर एका चलात ठेवायचं. मध्ये एखादा प्रिंट-एफ घातलात तर तोही हा क्रमांक बदलू शकतो. रात्री दोन वाजेपर्यंत बसून शोधलेल्या कितीतरी चुका या एका ओळीच्या असतात.

आता खऱ्या चुकीबद्दल. लांबी विचारताना १४०० क्रमांक आला, तर याचा अर्थ ते हँडल आता वैध नाही. तुम्हाला पत्ता मिळाला आणि तुम्ही दार वाजवेपर्यंत घर रिकामं झालं. विंडो मधल्या क्षणात बंद झाली. माझ्या मते याला चूक म्हणूच नये. ती विंडो सोडा, ट्रू परत करा, पुढे चला. काही जण इथे जास्त शहाणपणा करून आधी इझ-विंडो फंक्शनने ‘आहेस का?’ विचारतात. उपयोग नाही, कारण ‘हो’ उत्तर मिळाल्यावरही ती बंद होऊ शकते. शिवाय हँडल पुन्हा वापरले जातात. आपलं भारतातलं जुनं सिम बंद पडतं, काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो आणि बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो, तसंच हे. म्हणून हँडल साठवून ठेवून दहा मिनिटांनी त्यावर विसंबू नका. बटण दाबलं की यादी नव्याने काढा.

एनम-विंडोज स्वतः शून्य परत करतं तेव्हाही दोन शक्यता असतात. एक, ते खरंच फसलं. दुसरी, तुमच्याच कॉलबॅकने ‘पुरे’ म्हटलं. हवी ती विंडो सापडली म्हणून तुम्ही थांबवलंत तरी शून्यच येतं, आणि नवशिके तिथे ‘एरर’ छापतात. यावर मला आवडणारा उपाय असा: कॉलबॅकला दुसऱ्या पॅरामीटरमधून एक स्ट्रक्चर द्या. त्यात यादी, संख्या, आणि थांबण्याचं कारण लिहायला एक खाना. मेमरी संपली तर त्या खान्यात तसं लिहा आणि फॉल्स परत करा. (री-ॲलॉकचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. थेट जुन्यावर घेतलंत आणि नल आलं, तर आतापर्यंतची यादीही हातातून गेली.) बाहेर आल्यावर शून्य दिसलं तर आधी तो खाना बघा.

शून्याची आणखी एक गंमत. विंडोज ८ पासून काही ॲपच्या विंडो ‘दिसते का?’ या प्रश्नाला हो म्हणतात, पण प्रत्यक्षात झाकलेल्या असतात. त्या गाळायला डी-डब्ल्यू-एम-गेट-विंडो-ॲट्रिब्यूट वापरतात, आणि तिथे शून्य म्हणजे यश! एकाच कॉलबॅकमध्ये एका ओळीत शून्य म्हणजे शंका आणि दुसऱ्या ओळीत शून्य म्हणजे सगळं ठीक. सवयीने तपासू नका, प्रत्येक फंक्शनचं पान उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू’ हा भाग वाचा.

आपल्यासाठी खास अडचण अशी की काही चुका कुठलाही क्रमांक देत नाहीत. गेट-विंडो-टेक्स्टची दोन रूपं आहेत, शेवटी ‘ए’ असलेलं आणि ‘डब्ल्यू’ असलेलं. इथल्या इंग्रजी सेटिंगच्या संगणकावर ‘ए’ वापरलंत, आणि ब्राउझरमध्ये मराठी वर्तमानपत्र उघडं असेल, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. फंक्शनच्या मते मात्र काम फत्ते. कायम ‘डब्ल्यू’च वापरा.

मग आजींना काय ऐकू यावं? तीन वेगळी वाक्यं. यादी मिळाली तर नावं. यादी पूर्ण फिरून झाली आणि खरंच काही नसेल तरच ‘एकही विंडो उघडी नाही’. आणि मध्येच फसलं तर ‘आत्ता यादी मिळाली नाही, पुन्हा बटण दाबा’. क्रमांक १४०० किंवा २ त्यांना ऐकवायचा नाही. तो वेळ आणि फंक्शनच्या नावासकट लॉग फाइलमध्ये, नातीसाठी. आमच्या प्रोजेक्ट मीटिंगांमध्ये हा गोंधळ रोज चालतो: तक्त्यात हिरवा ठिपका असतो, आणि खोदून विचारलं की कळतं, त्या आठवड्यात कोणी तपासलेलंच नव्हतं.

ज्यांच्या घरी मॅक किंवा लिनक्स आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्सवर जुनी एक्स-इलेव्हन पद्धत असेल तर मधेच बंद झालेल्या विंडोबद्दल विचारल्यावर ‘बॅड-विंडो’ चूक येते, तीही उशिराने, आणि आधीपासून बसवलेला हँडलर संदेश छापून तुमचा अख्खा प्रोग्रामच बंद करतो. एक्स-सेट-एरर-हँडलरने आपला हँडलर लावा, त्यात फक्त नोंद करा, आणि एक्स-सिंक झाल्यावर ती नोंद बघा. नव्या वेलँडमध्ये साध्या प्रोग्रामला इतरांच्या विंडोंची यादी मुळातच मिळत नाही. सुरक्षेसाठी ते तसं ठरवून केलेलं आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी नसेल तर यादी येते, पण इतर प्रोग्रामच्या विंडोंची नावं त्यात नसतात, आणि चूक म्हणून काहीच कळवलं जात नाही. तिथे चौथं वाक्य लागेल: ‘मला बघायची परवानगी नाही, सेटिंगमध्ये जाऊन द्या.’