चाकावरची काजळी

गाडी धुताना आपण बॉनेट चमकवतो, काचा लख्ख करतो आणि शेवटी बादलीत उरलेलं गढूळ पाणी चाकांवर फेकून मोकळे होतो. चार दिवसांनी पुढची चाकं पुन्हा काळी! आमच्या वाशिमला याला सगळे सरसकट 'काजळी' म्हणतात. पण काजळी म्हणजे काहीतरी जळाल्यावर उरतो तो कार्बन. चाकावर बसते ती चीज वेगळी आहे, आणि ती पुसण्याआधी एकदा नीट बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पेडल दाबलं की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर आवळतो. डिस्क असते बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची. गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते आणि पॅड, डिस्क दोन्ही थोडेथोडे झिजतात. ही झीज म्हणजेच ब्रेक डस्ट. त्यामुळे तिच्यात लोखंडाचे कण भरपूर असतात, शिवाय पॅडमधले कार्बन आणि रेझिन. ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून जास्त काम पुढच्या ब्रेकला. छोट्या गाड्यांना मागे बहुतेक ड्रम असतो, तिथली धूळ आतच अडकते. म्हणून पुढची चाकं काळी आणि मागची बरी दिसतात.

थोडं गणित करू (घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे). हजार किलोची गाडी ताशी 40 किलोमीटरवरून थांबवायला साधारण 62 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. 120 वरून थांबवायला साधारण 556, म्हणजे नऊ पट! आपल्या जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. तिथे ब्रेक क्वचितच लागतो, पण लागला की असा लागतो. डस्टची रोजची भर मात्र गावातले गतिरोधक आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी घालतात.

आता बघायचं काय? दोन्ही पुढची चाकं सारखीच काळी असतील तर काळजी नाही. एकच चाक फार काळं असेल आणि गाडी चालवून आल्यावर तेच जास्त तापत असेल (हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं), तर कॅलिपरच्या पिना अडकून पॅड डिस्कला घासत राहिला असण्याची शक्यता आहे. काळं ओलसर, तेलकट दिसलं तर ब्रेक ऑइल गळत असू शकतं. मग धुणं राहू द्या, आधी मेकॅनिक गाठा. नुसतं पाणी मारलं की हे सगळे पुरावे वाहून जातात. चुंबक लावून डस्ट ओळखायची युक्ती काहीजण सांगतात, पण आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यातही थोडं मॅग्नेटाइट असतं. त्यापेक्षा पुढच्या-मागच्या चाकांची तुलना बरी.

डस्ट तशीच ठेवली तर? गरम कण अलॉयच्या लॅकरवर चिकटतात, पावसाळ्यात गंजतात आणि नारिंगी ठिपके पडतात. लॅकर फुटलं की ओलावा खालच्या अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोहोचतो. पण डस्टपेक्षा जास्त नुकसान उपायांनी होतं! माझ्या काकांच्या गाडीचे अलॉय एका वॉशिंग सेंटरवर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडने 'चमकवून' दिले. महिन्याभरात पांढरे चट्टे. लॅकर गेलं ते गेलंच. तारेची घासणीसुद्धा नकोच.

बरं, करायचं कसं? चाक थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकू शकते. आधी पाण्याने भिजवा. कोरड्या फडक्याने पुसलं की लोखंडाचे कण सँडपेपरसारखे ओरखडे काढतात, आणि धूळ नाकात जाते ती वेगळीच. (युरोपियन युनियनने 2024 मध्ये मंजूर केलेल्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा आहे, बहुतेक कारना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम. म्हणजे विषय नुसत्या चमकेचा नाही!) त्यामुळे हवेचा पाइप मारून उडवणं तर अजिबात नको. मग कार शॅम्पू, जुना रंगाचा ब्रश आणि चाकांसाठी वेगळी बादली. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, पण दोन बादल्यांत चारही चाकं होतात. हट्टी ठिपक्यांना आयर्न रिमूव्हर मिळतं. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी क्रिया करून जांभळं होतं. वास भयंकर! ते वाळायच्या आत धुवायचं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून शेवटी चाक पुसून घ्या. टायर चमकवायचा स्प्रे डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक घसरेल.

धुतल्यावर डिस्क ओली असते आणि तासाभरात तिच्यावर गंजाचा पातळ थर दिसू शकतो. बिडाचं ते चालायचंच. गाडी हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक लावा, थर निघून जाईल. तो निघून बसणार कुठे, तर नुकत्याच धुतलेल्या चाकावर!