बरखास्त संघाचा विजय

कारखाना बंद पडणार हे एकदा निश्चित झाले, की कामगारांचे मन कामात राहत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. १९९८ च्या अखेरीस जपानमधील योकोहामा शहरात मात्र याच्या नेमके उलट घडले. त्या घटनेच्या केंद्रस्थानी होते गेर्ट एंगेल्स हे एकेकाळचे जर्मन फुटबॉलपटू.

योकोहामा फ्ल्युगेल्स या व्यावसायिक संघाचे ते प्रशिक्षक. जर्मन भाषेत ‘फ्ल्युगेल’ म्हणजे पंख. ऑल निप्पॉन एअरवेज या विमान कंपनीने पोसलेल्या संघाला नाव साजेसेच होते. १९९३ साली जे-लीग सुरू झाली तेव्हाच्या दहा संघांपैकी हा एक. परंतु पुढे जपानी अर्थव्यवस्थेला मंदीने ग्रासले. सातो कोग्यो या दुसऱ्या आश्रयदात्या बांधकाम कंपनीने अंग काढून घेतले आणि एकट्या विमान कंपनीला भार पेलेना. ऑक्टोबर १९९८ मध्ये घोषणा झाली : संघ त्याच शहरातील मारिनोस या प्रतिस्पर्धी संघात विलीन होणार. खेळाडूंना अथवा प्रेक्षकांना कोणी विचारले नव्हते.

एंगेल्स यांच्याकडे प्रशिक्षकपद त्याच हंगामात आले होते. पुढील वर्षाच्या कराराचे आमिष दाखवावे, तर पुढील वर्षच उरले नव्हते. तरीही या घोषणेनंतर संघ एकही सामना हरला नाही. सम्राट चषकाची स्पर्धा बाद पद्धतीची. ज्या दिवशी पराभव, त्याच दिवशी संघाचा अंत. प्रत्येक विजयाने आयुष्य वाढत होते ते केवळ पुढच्या सामन्यापर्यंत. १ जानेवारी १९९९ रोजी टोकियोत शिमिझु एस-पल्सवर २-१ अशी मात करून फ्ल्युगेल्सने चषक जिंकला आणि तेथेच त्याचे अस्तित्व संपले.

एंगेल्स पुढे क्योटो संघाकडे गेले. २००१ मध्ये त्यांनी तो संघ दुसऱ्या श्रेणीत अव्वल आणला आणि १ जानेवारी २००३ रोजी काशिमा अँटलर्सला नमवून सम्राट चषकही मिळवून दिला. इकडे फ्ल्युगेल्सच्या चाहत्यांनी योकोहामा एफसी हा स्वतःचा संघ उभारला. त्याचे पहिले प्रशिक्षकही जर्मनच : १९९० चे विश्वविजेते पिएर लिटबार्स्की. २००१ मध्ये हा संघ जे-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला.

तोटा किती सोसावा हे ठरविण्याचा अधिकार कंपनीला आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि संघ म्हणजे केवळ खर्चाची बाब नव्हे. खेळाडूंचे श्रम, प्रशिक्षकाची निष्ठा आणि प्रेक्षकांची वर्षानुवर्षांची हजेरी हेही त्यातील भांडवलच. ते ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते गुंतविणाऱ्यांना निर्णयापूर्वी विचारण्याचीही गरज नाही, असे मानणे न्याय्य आहे काय? एंगेल्स यांच्या खेळाडूंनी या प्रश्नाचे उत्तर मैदानावर दिले होते. निर्णय मात्र बदलला नाही.