मोटारीचे शॉकअब केव्हा बदलावेत?

पुण्या-मुंबईहून हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावी मोटारीने जाताना शेवटचा टप्पा काळ्या जमिनीवरील रस्त्यांचा असतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया भक्कम नसेल, तर वरचा रस्ताही खाली-वर होतो. हे सारे हेलकावे गाडीचे सस्पेन्शन सोसते. त्याची झीज इतकी सावकाश होते, की चालकाला तिची सवय होऊन जाते. म्हणूनच ती मुद्दाम तपासावी लागते.

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, धक्का झेलते. पण दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते. ही उसळी शमविण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बरचे, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील शॉकअबचे. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत विरते. सील झिजून तेल गळाले, की खडबडीत रस्त्यावर चाक उड्या घेऊ लागते. अधांतरी चाकावर ब्रेकचा उपयोग नसतो. गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. तेव्हा हा प्रश्न केवळ आरामाचा नाही.

उभ्या गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी एक-दोनदा हलून स्थिरावली नाही, तर शॉकअब निकामी झाले असे समजावे. मात्र या चाचणीत फार झिजलेलेच भाग सापडतात. त्यामुळे शॉकअबवर तेलाचे ओघळ, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे, ब्रेक दाबताच नाक खाली घालणारी गाडी, याही खुणा पाहाव्यात.

खड्ड्यातून जाताना होणारी खडखड बहुधा लिंक रॉड किंवा झिजलेल्या बुशची असते. ती लवकर दाखवून घ्यावी. बॉल जॉइंट ढिला असल्याचे मेकॅनिकने सांगितले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तो निसटल्यास चाक कोलमडून गाडीवरील ताबा सुटतो.

किती किलोमीटरनंतर भाग बदलावेत, याचा एकच आकडा सर्व गाड्यांना लागू पडत नाही. रस्ता आणि भार यांवर ते ठरते. शॉकअब मात्र पुढचे किंवा मागचे जोडीनेच बदलावेत. अन्यथा दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. सस्पेन्शनच्या कामानंतर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी. आणि ही सारी तपासणी गावी निघण्यापूर्वी करावी, परतल्यावर नव्हे.