ठिपका आणि त्याची बैठक

सिनेमात खलनायकाच्या छातीवर लाल ठिपका थरथरू लागला की प्रेक्षकांना कळतं, समोरच्या गच्चीवर कोणीतरी बंदूक रोखून बसलंय. तो ठिपका लेझरचा. तो खरोखरच छातीवर पडलेला असतो, ज्याच्यावर पडला त्यालाही दिसू शकतो. रायफलवर बसवतात त्या ‘रेड डॉट साइट’मधला ठिपका वेगळा. तो लक्ष्यावर पडतच नाही. नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला काचेतून पाहताना तो लक्ष्यावर टेकल्यासारखा दिसतो, एवढंच. डोळा काचेमागून हलवला की ठिपका नाहीसा.

या ठिपक्याने नेम धरण्याची पद्धतच बदलली. त्याचं कौतुक करताना लोक काचेचं, चकाकीचं, बॅटरीचं कौतुक करतात. पण काच ज्या धातूच्या तुकड्यावर उभी असते, त्या माउंटकडे बहुतेकांचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. गोळी कुठे लागणार याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

जुन्या पद्धतीच्या नेमात डोळ्याला तीन गोष्टी एका ओळीत आणाव्या लागतात: मागची खाच किंवा भोक, नळीच्या टोकाची माशी आणि लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहू शकतो. म्हणून उस्ताद सांगतात, माशी स्पष्ट ठेव, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. वयाची चाळिशी उलटली की तीच माशी पुसट होते आणि शिकारी वैतागतो. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत आजही दुर्बीण किंवा प्रकाशाचा ठिपका चालत नाही, भोकातून पाहूनच नेम धरायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं ते असंच. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे ठिपक्याशिवाय अचूक नेम लागत नाही असं मुळीच नाही. ठिपक्याचा फायदा वेगाचा आहे. हलत्या लक्ष्यावर, कमी उजेडात, अवघडल्या अवस्थेत तीन गोष्टी जुळवायला सवड नसते, तिथे तो कामी येतो.

यंत्राची रचना ऐकायला सोपी आहे. नळीत एका बाजूला बारीकसा लाल एलईडी असतो. पुढच्या अंतर्वक्र काचेवर असा थर दिलेला असतो की ती लाल रंगाच्या ठरावीक पट्ट्यातला प्रकाश परत फिरवते आणि बाकीचा आरपार जाऊ देते. एलईडी या काचेच्या नाभीवर बसवला की परतणारे किरण समांतर होऊन डोळ्याकडे येतात. समांतर किरण म्हणजे अनंत अंतरावरून आलेला प्रकाश, म्हणून ठिपका काचेवर न दिसता दूर लक्ष्याच्याच पातळीवर दिसतो. डोळ्याला एकदाच, लक्ष्यावर, नजर स्थिर करावी लागते. मान थोडी इकडेतिकडे झाली तर ठिपका काचेच्या कडेला सरकतो, पण लक्ष्यावरची जागा फारशी सोडत नाही. ‘फारशी’ म्हणायचं कारण, कुठलीच काच शंभर टक्के निर्दोष नसते आणि जवळच्या अंतरावर थोडा फरक राहतोच. लाल प्रकाशाचा काही भाग काच परतवत असल्यामुळे पलीकडचं जग किंचित निळसर-हिरवट दिसतं. नव्या माणसाला वाटतं, काच खराब निघाली.

ही युक्ती बंदूकवाल्याने शोधलेली नाही. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब हे दुर्बिणी बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांनी १९०० साली परावर्तनावर चालणाऱ्या नेमयंत्राचं पेटंट घेतलं. व्हिएन्नाच्या वेधशाळेची २७ इंची दुर्बीण त्यांच्याच कारखान्यातली. या ग्रबशी पुण्याचाही धागा जुळतो. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या वेधशाळेत प्रा. कावसजी नायगमवाला यांनी ग्रबची दुर्बीण आणवली. २० इंची आरशाची ही दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. दुर्बीण बनवणाऱ्यालाच नेमयंत्र सुचावं यात नवल नाही. ताऱ्याचा असो की काडतुसाचा, प्रश्न कोनाच्या अगदी लहान अंशाचाच असतो.

ग्रबची कल्पना पहिल्यांदा कामाला आली ती विमानात. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, जर्मन लढाऊ विमानांवर अशी नेमयंत्रं बसली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती सगळीकडे रुळली. आज वैमानिकासमोरच्या काचेवर आकडे तरंगताना दिसतात, ती व्यवस्था याच घराण्यातली. खांद्यावरच्या बंदुकीला मात्र वाट पाहावी लागली, कारण विमानात वीज होती, शिकाऱ्याच्या खिशात नव्हती. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत ‘नायडार’ नावाचं छऱ्याच्या बंदुकीचं यंत्र आलं. ते आकाशाच्या उजेडावर चाले आणि संध्याकाळ झाली की थकून जाई. नंतर ‘सिंगलपॉइंट’ आलं. त्याच्या नळीतून पलीकडचं काहीच दिसत नसे, एक डोळा नुसता ठिपका पाही, दुसरा लक्ष्य, आणि दोन्हींची सांगड मेंदू घाली. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय तुरुंगावर अमेरिकी कमांडोंनी छापा घातला, तेव्हा त्यांच्या रायफलींवर हे यंत्र होतं.

खरं वळण स्वीडनमध्ये आलं. १९७५ साली तिथल्या एमपॉइंट कंपनीने एलईडी वापरलेलं पहिलं रेड डॉट यंत्र बाजारात आणलं. गिऱ्हाईक होते जंगलातून धावणाऱ्या मूसवर नेम धरणारे शिकारी. लक्ष्य हलतं, झाडं आड येतात, उजेड कमी. अशा वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून, ठिपका जनावराच्या खांद्यावर टेकला की चाप ओढायचा. सैन्याला हे पटायला दोन दशकं लागली. अमेरिकी लष्कराने १९९७ मध्ये एमपॉइंटचं यंत्र ‘एम ६८’ या नावाने स्वीकारलं. सुरुवातीच्या बॅटऱ्या लवकर संपत. आता याच कंपनीच्या ‘कॉम्पएम ४’ या यंत्राचा एका साध्या एए सेलवर ८०,००० तास, म्हणजे सुमारे नऊ वर्षं, चालण्याचा दावा आहे.

ठिपका तयार झाला, पण तो रायफलवर बसवायचा कशावर? पूर्वी प्रत्येक रायफलला आपापली भोकं आणि आपापले कंस असत. मग वीव्हरची आडव्या खाचांची पट्टी लोकप्रिय झाली, पण तिच्या खाचांमधलं अंतर सगळीकडे सारखं नव्हतं. अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी १९९५ मध्ये याचं पक्कं मानक ठरवलं. न्यू जर्सीच्या पिकॅटिनी आयुधागारावरून ही ‘पिकॅटिनी रेल’. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेचा मध्य १०.०१ मिलिमीटरवर. वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची, त्यामुळे वीव्हरसाठी केलेली वस्तू पिकॅटिनीवर बहुधा बसते, उलट मात्र नाही. २००९ मध्ये नाटोने त्यात सुधारणा केली. पकड रेलच्या तिरक्या कडांवरून न मोजता वरच्या सपाट पृष्ठभागावरून मोजायची. कागदावर हा बारकावा वाटतो, पण माउंट पुन्हा पुन्हा काढून बसवायचं असेल तर तो कळीचा आहे.

तो का, हे एका साध्या गणिताने कळतं. माउंटचा तळ ५० मिलिमीटर लांब आहे असं धरा. बसवताना त्याच्या एका टोकाखाली रंगाचा पोपडा किंवा मातीचा कण राहिला आणि ते टोक ०.१ मिलिमीटर उचललं गेलं. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी साधारण एवढीच असते. ०.१ ला ५० ने भागलं की ०.००२ येतात. म्हणजे दर मीटरला २ मिलिमीटर, आणि १०० मीटरवर २० सेंटिमीटर. ठिपका जिथे दिसतो तिथून गोळी वीतभर दूर जाईल, तीही एका कागदाच्या जाडीपायी. या धंद्यात माप ‘एमओए’त, म्हणजे कोनाच्या मिनिटात, सांगतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. यंत्रावरची चकती एक ‘क्लिक’ फिरवली की बऱ्याच यंत्रांत अर्धा एमओए सरकतो, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर. चकतीने दीड सेंटिमीटरची सुधारणा करायची आणि खालच्या बैठकीने वीस सेंटिमीटर घालवायचे, असा हा व्यवहार होतो.

म्हणून जाणकार माउंट बसवताना घाई करत नाहीत. रेल पुसायची, तेल काढून टाकायचं. माउंटच्या पोटाला आडवा दांडा असतो, तो खाचेत उतरवायचा आणि स्क्रू आवळण्याआधी माउंट नळीच्या तोंडाकडे दाबून धरायचं. कारण गोळी सुटली की रायफल मागे उसळते आणि वरचं यंत्र जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतं. रेलच्या हिशेबात ते पुढे सरकायला बघतं. दांडा आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असला तर सरकायला जागाच उरत नाही. स्क्रू अंदाजाने न आवळता कंपनीने दिलेल्या बलावर, टॉर्क-पान्याने आवळायचा. एमपॉइंटच्या काही माउंटवरची मूठ पुरेशी आवळली गेली की कट्कट् वाजते आणि पुढे आवळतच नाही. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे पान्याशिवाय कळतं.

माउंट निवडताना दुसरा प्रश्न उंचीचा. एआर-१५ घराण्यातल्या रायफलींचा दस्ता नळीच्या रेषेतच असतो, म्हणून नेम वर घ्यावा लागतो. त्यांची मूळ माशी नळीच्या मध्यापासून सुमारे ६६ मिलिमीटर वर. ठिपका बरोबर त्याच उंचीवर आणला तर माशी आणि ठिपका एकावर एक दिसतात. बॅटरी गेली तर माशी तयारच, पण एरवी तीच डोळ्यात सलते. म्हणून पुष्कळ जण माउंट चारेक मिलिमीटर उंच घेतात, त्यात माशी काचेच्या खालच्या एक तृतीयांश भागात बसते आणि वरचा भाग मोकळा राहतो. अलीकडे त्याहूनही उंच माउंटची टूम आहे. मान ताठ राहते, हेल्मेट आणि कानांवरचे मफ अडत नाहीत. पण उंचीची किंमत मोजावी लागते. ५० मीटरवर नेम जुळवलेली रायफल पाच मीटरवर झाडली तर गोळी ठिपक्याच्या सुमारे सहा सेंटिमीटर खाली लागते, कारण नळी मुळातच तेवढी खाली आहे. माउंट उंच, तर हा फरकही जास्त. शिवाय गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

नेम हलवणारा दोष फक्त बैठकीतच असतो असं नाही, तो यंत्रातही लपलेला असू शकतो, याचं उदाहरण एका मोठ्या कंपनीने दिलं आहे. ईओटेकच्या होलोग्राफिक यंत्रांचा नेम कडाक्याच्या थंडीत आणि उष्म्यात हलतो, हे ठाऊक असूनही ती सरकारला विकली, असा दावा अमेरिकी सरकारने केला. तो मिटवण्यासाठी मूळ कंपनी एल-३ ने २०१५ मध्ये २ कोटी ५६ लाख डॉलर मोजले. चकाकती काच, उत्तम चित्र, आणि तरी नेम जागेवर नाही. नेमयंत्राची परीक्षा चित्रावर करायची नसते.

हे सुटे भाग विकत घ्यायचे तर कायदा देशागणिक वेगळा. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने बंदूक म्हणजे तिचा मुख्य सांगाडा. एआर रायफलीत तो खालचा ‘रिसीव्हर’, त्याला परवानाधारक दुकान आणि नोंद लागते. दस्ता, मूठ, माउंट, नेमयंत्र ही इतर मालासारखी टपालानेही येतात, अर्थात राज्यांचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये नळी आणि बोल्ट यांसारख्या दाब सोसणाऱ्या भागांनाही परवाना लागतो. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग धरतो. परदेशातल्या व्हिडिओत कोणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर रायफल जोडताना दिसला म्हणून इथे तसे भाग मागवणं हा सरळ गुन्हा ठरू शकतो. इथला परवानाधारक नेमबाजही आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारतो, मग दुकानदाराला.

जिथे कायदा मोकळा आहे तिथला ग्राहक पहिल्यांदा काच निवडतो आणि उरलेल्या पैशांत माउंट बसवतो. क्रम उलटा हवा. रायफलला रेल कोणती, मान किती उंचीवर स्वस्थ राहते, यंत्र वारंवार काढायचं की कायमचं बसवायचं, एवढं ठरलं की माउंट ठरतं. मग ठिपका. जवळच्या झटपट कामासाठी ४ एमओए, नेमक्या नेमासाठी २. दोन एमओएचा ठिपका १०० मीटरवर सहा सेंटिमीटर झाकतो, चारचा जवळपास बारा. डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसतो. तेव्हा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावं. तिथे गोल दिसला तर दोष डोळ्याचा, यंत्राचा नाही.

आणि खरेदी चांगली झाली की नाही हे जाहिरातीतून कळत नाही. परवाना असलेल्या रेंजवर, पक्क्या टेकूवर पाच गोळ्या झाडायच्या. माउंट पूर्ण काढून पुन्हा त्याच खाचेत, त्याच बलावर बसवायचं आणि चकतीला हात न लावता आणखी पाच. दोन्ही वेळची भोकं एकाच जागी एकमेकांत मिसळली तर पैसे वसूल. दोन वेगळे झुबके दिसले तर ठिपका कितीही सुंदर असो, माउंट परत करायला घ्यावं.