ज्ञानबाजी : घराघरांतून हरवलेला पट

बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या धारूरसारख्या तालुक्याच्या गावी बैठ्या खेळांचे पट बहुधा वह्या-पुस्तकांच्या किंवा जनरल स्टोअर्सच्या दुकानातच मिळतात. कंपासपेट्यांच्या वरच्या फळीवर लुडो, सापशिडी, बुद्धिबळ आणि व्यापार यांचे खोके रचलेले असतात. व्यापारी घरातील मुलाचा हात साहजिकच ‘व्यापार’कडे वळतो. शहरे विकत घ्यावीत, भाडे वसूल करावे, बँकेचा हिशेब ठेवावा, हे सारे त्याला घरचेच वाटते. सापशिडी मात्र लहानग्यांचा खेळ म्हणून बाजूला पडते.

वस्तुतः त्या खोक्यांपैकी जैन घराशी सर्वांत जुने नाते सापशिडीचेच आहे. तिचे पूर्वरूप म्हणजे ‘ज्ञानबाजी’ अथवा ‘ज्ञानचौपड’. राजस्थान व गुजरातमधील श्रावकांच्या घरी कापडावर किंवा कागदावर हे पट रंगवले जात आणि पर्युषणाच्या दिवसांत ते उलगडले जात. जैन पटांत 84 घरांचे पट विशेष आढळतात. ही संख्या कानी पडताच चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची आठवण व्हावी. खालच्या घरांत नरकगती, वर देवलोक आणि शिखरावर सिद्धशिला, अशी त्याची मांडणी असे. दोषाच्या घरात साप आणि सद्गुणाच्या घरात शिडी.

महाराष्ट्रात असाच ‘मोक्षपट’ प्रचलित होता. परंपरा त्याचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांकडे देते. समकालीन लेखी पुरावा मात्र उपलब्ध नाही. पुढे इंग्रजी अमदानीत हा खेळ विलायतेस गेला. तेथे घरांची नावे बदलली, हळूहळू पुसली गेली आणि उरले ते केवळ आकडे. तेच आकड्यांचे पट आज आपल्या दुकानांत विकावयास आहेत.

येथे एक शंका रास्त आहे. सप्त व्यसनांत द्यूताची गणना पहिली. मग कवड्या टाकून खेळावयाचा खेळ श्रावकाच्या घरी कसा? उत्तर पटावरच आहे. ज्ञानबाजीत पैसा लावावयाचा नसतो. द्यूतात दान लोभ वाढवते. येथे तेच दान कर्मोदयाचे स्मरण देते. शिखराजवळ पोहोचलेला खेळाडूही सापाच्या तोंडी सापडून खाली येतो. गुणस्थानांच्या विवेचनात हाच इशारा आहे. मोह केवळ दबलेला असेल, तर अकराव्या, उपशांतमोह गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही खाली येतो. मोहाचा समूळ क्षय करणारा मात्र दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो. हा सूक्ष्म सिद्धांत पाठशाळेतील मुलास पटावरील एका घसरणीने समजावता येतो.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ 2025च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध ठरले. परंतु दुकानाचा गल्ला आणि मोबाइल दोन्ही मुलाच्या हाती असलेल्या घरास केवळ कायदा पुरेसा नाही. ‘खेळू नकोस’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ‘ये, आपण हे खेळू’ असेही म्हणावयास हवे.

त्यासाठी फार खर्चही नाही. दुकानातून पुठ्ठा व रंग आणावेत. 84 घरे आखावीत. क्रोध, मान, माया, लोभ आणि सात व्यसने यांना साप द्यावेत. क्षमा, दान, स्वाध्याय, तप यांना शिड्या. घरांची नावे मुलांनीच लिहावीत, आजी-आजोबांनी त्यांचा अर्थ सांगावा. कवड्या नसतील तर चिंचोके चालतील. ज्याला साप लागेल त्याने त्या दोषाचे दिवसभरातील एक उदाहरण स्वतःच्याच वागण्यातून सांगावे. वजनात केलेली काटछाट असो वा नोकरावर काढलेला राग, मोठ्यांनाही ते चुकणार नाही.

पर्युषण असो वा दशलक्षण, सायंकाळच्या प्रतिक्रमणापूर्वी अर्धी घटका हा पट उलगडावा. दुकान वाढवल्यावर दिवसाचा हिशेब वहीत होतोच. दुसरा हिशेब या पटावर होईल, आणि शेवटचे ‘मिच्छामि दुक्कडं’ केवळ ओठांवरचे राहणार नाही.