पाऊण तोळ्याची दोरी

कोकणातल्या खाडीवर गरी टाकणाऱ्याला दोरीचा फारसा विचार करावा लागत नाही. टोकाला शिसं असतं, गळाला कोलंबीचा तुकडा. हात फिरला की शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागून निमूट ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे नातं उलटं होतं. इथे बारीक गळावर दोऱ्याने पिसं आणि केस गुंडाळून माशीचं सोंग केलेलं असतं आणि त्याला वजन जवळजवळ नसतंच. सुटं पीस कितीही जोरात भिरकावलं तरी ते पायाशीच पडणार. म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. माणूस फेकतो ती दोरी, माशी तिच्यामागून फुकटात जाते.

दुकानात डोळ्यांत भरतो तो रॉड, पैसेही त्याच्यावरच उधळले जातात. खरं तर लहान माशांच्या बाबतीत रीळ म्हणजे दोरी ठेवायची जागा, आणि रॉड म्हणजे दोरीच्या वजनाने वाकून तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग. दोरी चुकीची निवडली तर महागातला रॉडही काठीसारखा निर्जीव वाटतो.

फेकताना दोरी आधी पाठीमागे जाते. ती मागे पुरती सरळ होईपर्यंत थांबायचं, मग हात पुढे आणून झटक्यात थांबवायचा. हवेत दोरीचा एक वळसा तयार होतो आणि टोकाकडे उलगडत जातो. दोरी टोकाकडे निमुळती असते. हलणारा भाग हलका होत गेल्यामुळे वेग शेवटपर्यंत टिकतो आणि माशी अलगद पुढे पडते. गाडीवानाचा आसूड याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याला आवाज हवा असतो. इथे मागून ‘फट्’ ऐकू आलं, तर मागे पुरेसं थांबलो नाही आणि बहुधा माशीही तुटून गेली असं समजायचं.

निमुळतेपणाची ही युक्ती जुनी आहे. चार्ल्स कॉटनने 1676 मध्ये फ्लाय फिशिंगवर लिहिलं तेव्हा दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे, हाताकडे जास्त केस पिळलेले, गळाकडे कमी. एकोणिसाव्या शतकात विणलेलं रेशीम आलं. त्यात जवसाचं तेल मुरवत. अशी दोरी केसांच्या दोरीपेक्षा जड, त्यामुळे वाऱ्याविरुद्धही जाई. इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या टेस्ट नदीवर फ्रेडरिक हॅलफर्डने पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचा जो पंथ रुजवला, तो या दोरीवाचून उभाच राहिला नसता. पण तिची सेवा करावी लागे. रेशीम मुळात पाण्यापेक्षा जड, ते तरंगे ते वरून चोळलेल्या ग्रीसवर. काही तासांत पाणी आत शिरे आणि दोरी बुडू लागे. संध्याकाळी ती रिळावरून सोडून लाकडी चौकटीवर वाळत घालायची, नाहीतर कुजायची.

दोरी आणि माशी यांच्यामध्ये पारदर्शक, निमुळता तुकडा असतो, त्याला लीडर म्हणतात. नायलॉनच्या आधी तो रेशमाच्या किड्याच्या आतड्यासारख्या ग्रंथींपासून बनत असे. कोश विणायच्या बेतात असलेले किडे व्हिनेगरमध्ये मारून त्यांच्या ग्रंथी हाताने ताणत. स्पेनमधला मुर्सिया प्रांत या धंद्यासाठी नावाजलेला होता. आणखी बारीक धागा हवा असेल तर तो सोनाराच्या जंतरीसारख्या भोकाच्या पट्टीतून ओढत. आजच्या टिपेटवर, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्यावर, 4एक्स, 5एक्स असे आकडे असतात, ते त्या ओढण्याच्या काळातले. 11 मधून हा आकडा वजा केला की जाडी मिळते, इंचाच्या हजाराव्या भागात. 5एक्स म्हणजे 6 हजारांश इंच, साधारण 0.15 मिलिमीटर.

दोरीच्या मापाची गोष्ट मात्र याहून गुंतागुंतीची. रेशमाच्या काळात माप जाडीवर होतं. ए सगळ्यात जाड, तिथून अक्षरागणिक जाडी कमी. ‘एचडीएच’ म्हणजे दोन्ही टोकं बारीक आणि पोट जाड. सगळ्यांचं रेशीम साधारण सारखंच जड असल्यामुळे जाडीवरून वजन कळे आणि काम भागे. नायलॉनने हा हिशेब मोडला. त्याच जाडीची नायलॉनची दोरी रेशमापेक्षा हलकी, त्यामुळे ‘एचडीएच’ लिहिलेल्या दोन दोऱ्या एकाच रॉडवर वेगळ्या वागू लागल्या. अखेर 1961 मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने अक्षरं बाजूला ठेवली आणि दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजायचं ठरवलं. 5 नंबर म्हणजे 140 ग्रेन, 8 नंबर 210, 12 नंबर 380. आपल्याला हे सोनाराच्या भाषेत चटकन कळेल, कारण इंग्रजी अमलातला तोळा बरोबर 180 ग्रेनचा. ट्राउट माशासाठी सर्वाधिक वापरली जाणारी 5 नंबरची दोरी 30 फुटांत पाऊण तोळ्याच्या जरा वर भरते. 12 नंबरची, समुद्रातल्या दांडग्या माशांसाठीची, दोन तोळ्यांच्या थोडी वर.

डब्यावरचं ‘डब्ल्यूएफ5एफ’ यावरून वाचता येतं. पहिली दोन अक्षरं आकाराची: वजन पुढच्या भागात एकवटलेलं. मधला आकडा वजनाचा. शेवटचं एफ म्हणजे तरंगणारी, एस म्हणजे बुडणारी.

तरंगण्याचा प्रश्न हे माप ठरलं त्याच सुमारास मिशिगनमधल्या सायंटिफिक अँगलर्स या कंपनीने सोडवला. सारख्या जाडीच्या विणलेल्या गाभ्यावर पीव्हीसीचा लेप चढवायचा आणि तो कमीजास्त करून निमुळतेपणा आणायचा. विणतानाच धागे कमी करत जाण्याची कटकट संपली. लेपात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळले की दोरी ग्रीसशिवाय तरंगते, टंगस्टनची पूड मिसळली की बुडते. रेशीमवाले अजूनही आहेत. पातळ दोरी वारा चांगला कापते हे त्यांचं म्हणणं खरंही आहे, पण वाळवण्याची हौस प्रत्येकाला नसते.

हल्ली कडक रॉडना सहज वाकवता यावं म्हणून कंपन्या नंबरापेक्षा अर्धा-एक नंबर जड दोऱ्या बनवतात आणि डब्यावर जुनाच नंबर छापतात. पाच नंबर मागितला आणि सहाच्या जवळचं वजन मिळालं, तर 1961 च्या त्या करारात उरलं काय? ग्रेनचा आकडा डब्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो, घेताना तोच पाहावा.

भारतात ही दोरी ट्राउटसाठीही वापरली जाते. 1900 मध्ये ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट रुजला. सह्याद्रीचा मानकरी मात्र महसीर. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळच्या वळवणला 1970 च्या दशकापासून त्याची पैदास केली. त्याच्यासाठी सहसा 8 नंबरच्या आसपासची दोरी लागते. नुसत्या नंबरावर मात्र भागत नाही. थंड पाण्यासाठी केलेली दोरी आपल्या उन्हात मऊ आणि चिकट होते, रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. उष्ण प्रदेशासाठी कडक गाभ्याच्या वेगळ्या दोऱ्या मिळतात. हीच दोरी काश्मीरच्या गार ओढ्यावर नेली तर स्प्रिंगसारखी गुंडाळून बसते. आणि डास पळवणारं क्रीम लावलं असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय दोरीला लावू नयेत. त्यातलं डीट नावाचं रसायन पीव्हीसीचा लेप खातं.